मठपती बाई आणि उन्हाची रेघ

मठपती बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी त्यांचं पहिलं भांडण साडेदहाला झालं आणि दुसरं पावणेबाराला. पहिलं हेडसरांशी, दुसरं माझ्याशी.

हेडसरांशी झालं ते मायक्रोस्कोपवरून. आमची जिल्हा परिषदेची शाळा, जिंतूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. शाळेला कधीतरी एक मायक्रोस्कोप मिळाला होता आणि तो खराब होऊ नये म्हणून खोक्यातच होता. कपाटाची किल्ली हेडसरांच्या खिशात. बाईंनी ती मागून घेतली, खोकं उघडलं आणि भिंग उजेडाला धरलं. भिंगावर बुरशी चढलेली. "वापरून खराब झाला असता तर चार पोरांनी काहीतरी बघितलं तरी असतं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी वऱ्हांड्यात उभं राहून, कवायत घेताना लावतात त्या आवाजात सांगितलं. दहावीचा वर्ग खिडकीला लागून होता. पोरं ऐकत होती.

माझ्याशी झालं ते आणखी क्षुल्लक कारणावरून. मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये बोलता बोलता मी म्हणालो, की पावसात भिजून लगेच उन्हात गेलं की अंगावर पित्त उठतं म्हणतात.

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात."

"एकाचं नाव सांगा, कदम सर."

मी हसून वेळ मारून नेली. बाई हसल्या नाहीत. पुढच्या सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी शाळेतल्या प्रत्येकाला विचारला असेल. हळूहळू 'असं म्हणतात' हे शब्द आमच्या स्टाफरूममधून हद्दपार झाले. म्हणायचं असलं तर त्या तासावर गेल्यावर म्हणायचं.

बाई पन्नाशीच्या आत-बाहेर. काटक, सावळ्या, चालणं भराभर. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. रोज पहाटे पूजा करून, साडेनऊची एसटी धरून त्या जिंतूरहून येत. एकदा एका शिक्षकांनी खवचटपणे विचारलं, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या, अन् गळ्यात हे?" बाई म्हणाल्या, "माझ्या गळ्यातलं माझं आहे. तुमच्या शर्टाच्या आत काय आहे ते मी विचारलं का?" त्यांच्या पर्समध्ये खडू, छोटी कात्री आणि एक गोल भिंग असायचं. भिंग कशाला, तर औषधांच्या ट्यूबवरची अक्षरं वाचायला. "मोठ्या अक्षरात लिहिलंय ते विकण्यासाठी," त्या म्हणायच्या, "आपल्यासाठी लिहिलेलं बारीक असतं."

कातडी हा बाईंचा खास विषय होता. पुस्तकात त्याला दीड पान आहे. बाई त्यावर आठवडा घालवायच्या. एका उन्हाळ्यात सातवीतली एक मुलगी चेहऱ्यावर आणि मानेवर तपकिरी ओघळ घेऊन शाळेत आली. आईनं रंग उजळावा म्हणून लिंबाचा रस चोळला होता आणि पोरगी तशीच उन्हात खेळली होती. रस जिथून ओघळला तिथे कातडी भाजली होती. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, आता त्या माउलीची काही धडगत नाही. पण बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पोरगी काळी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आई रडायला लागली. सासूनं, नणंदेनं, शेजारणीनं, सगळ्यांनी. त्या दिवशी बाईंचा राग त्या आईला ओलांडून पुढे गेला आणि दिवसभर कुठे थांबला नाही. तो दिवसभर कुणाकुणाच्या वाट्याला आला ते सांगत बसत नाही. मला आला होता.

त्या आठवड्यात त्यांनी दहावीला जे शिकवलं ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. लिंबाच्या रसात एक द्रव्य असतं. ऊन लागलं की ते खवळतं आणि कातडीच्या पेशी भाजून काढतं. हे कुणालाही होईल, पहिल्यांदाच होईल. ही ऍलर्जी नव्हे. ऍलर्जीची गोष्ट निराळी. काही पदार्थ अंगावर लागून नुसते बसलेले असतात, काही करत नाहीत. त्यांच्यावर ऊन पडतं आणि त्यांचं रूप बदलतं. बदललेला पदार्थ कातडीतल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. शरीराला ही जोडगोळी ओळखीची वाटत नाही. कातडीतल्या पहारेकरी पेशी तिचा तुकडा उचलून काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, हा परका आहे, लक्षात ठेवा. पहिल्या वेळी बाहेरून काही दिसत नाही. पण पेशी विसरत नाहीत. पुढच्या वेळी तोच पदार्थ आणि तेच ऊन एकत्र आलं, की एक-दोन दिवसांनी अंग पेटतं. नुसता पदार्थ लावून अंधारात बसलं तर काही नाही. नुसत्या उन्हानंही काही नाही. दोन्ही लागतात.

तास संपल्यावर मी गमतीनं म्हणालो, "म्हणजे तुमच्यासारखंच की बाई. लक्षात ठेवायचं आणि मग पेटायचं."

"नाही," त्या म्हणाल्या. "ऍलर्जी निरुपद्रवी गोष्टीवर चिडते. मी उपद्रवी गोष्टीवर चिडते."

हे सगळं मी आता हलक्या हातानं सांगतोय. पुढचं तसं सांगता येणार नाही.

आमच्या शाळेत शेवंताबाई खिचडी शिजवायच्या. नऊ वर्षं त्याच. कुठल्या पोराला दुसऱ्यांदा वाढायचं, कोण लाजून मागत नाही, कोणाला वाटाणा चालत नाही, हे त्यांना पाठ. शाळेला सुट्टी असली की त्या खुरपणीला, नाहीतर वेचणीला जायच्या. दसरा झाला, कापूस फुटला, ऊन चढलं, आणि त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठले. मग मानेवर, मग हातांवर. कातडी सुजली, पाणी सुटलं, खपल्या धरल्या. आठवडाभरात त्यांच्याकडे बघवेना.

गावानं निदान करून टाकलं. महारोग. तीन पालक शाळेत आले. मग दहा आले. पोरांनी ताटं घेऊन बसणं सोडलं. जी पोरं कालपर्यंत 'मावशी, अजून' म्हणून ताट पुढे करायची ती भिंतीला लागून उभी राहिली. शेवंताबाई पातेल्याजवळ पळी धरून उभ्या. अर्धं पातेलं तसंच राहिलं. मला आजही ते पातेलं आठवलं की राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, दार लावलं आणि नीट बघितलं. बाहेर आल्या त्या थेट शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. बैठक स्टाफरूममध्ये होती, म्हणून आम्ही सगळे तिथेच होतो. अध्यक्ष गावातले एक वजनदार गृहस्थ. बाईंनी मोबाईलवर फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला.

"हात बघा. पुरळ कुठे संपतोय? ब्लाउजच्या बाहीपाशी. सरळ रेघ आहे. बाहीच्या आत कातडी स्वच्छ. आता मान बघा. हनुवटीच्या खाली, जिथे सावली पडते, तिथे काही नाही. कानाच्या मागे काही नाही. महारोगाला शिवणकाम येतं का? तो बाहीचं माप घेऊन थांबतो का? हे उन्हानं झालेलं आहे. ऊन आणि आणखी काहीतरी. ते काहीतरी काय, ते शोधायला मला पंधरा दिवस द्या. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. महारोगसुद्धा तुम्ही समजता तसा ताटातून लागत नाही, पण हा तर तोही नाही."

अध्यक्षांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग मोबाईल परत देत म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र खरं असंल. पण गाव काय म्हनंल?"

"कोण म्हणेल? नाव सांगा."

अध्यक्षांनी खिशातून एक कागद काढला. तो आधीच लिहून तयार होता. मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने स्वयंपाकी बदलण्यात यावी. हेडसर म्हणाले, सगळ्यांच्या सह्या असल्या की बरं, उद्या कुणी एकट्यावर यायला नको. कागद फिरला. माझ्यापुढे आला. मी बाईंचं सगळं बोलणं ऐकलं होतं, मला ते पटलं होतं, आणि मी सही केली. माझं घर त्याच गावात होतं, एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

कागद बाईंपुढे आला तेव्हा त्यांनी तो न वाचता पुढे सरकवला आणि उठून तासाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आपली पळी आणि उलथनं न्यायला आल्या. ती त्यांनी घरून आणलेली होती. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या आणि सांगायला लागल्या, की मी असं बोलले, तसं बोलले, अध्यक्षांना फोटो दाखवला, त्यांनी तो मोठा करून बघितला.

शेवंताबाई थांबल्या. "माजा फोटू दाखवला?"

"हो. म्हणजे रेघ दिसावी म्हणून..."

"मला इचारलं का?" त्यांचा चेहरा सुजलेला होता, त्यामुळे राग नीट दिसत नव्हता. आवाजात होता. "त्या मानसाच्या पोरीला मी नऊ वर्सं वाढलं. तो कवा माज्या तोंडाकडं बघून बोलला न्हाई. अन् काल त्यानं माजं तोंड मोठं करू करू बघितलं. तुमी दाखवलं म्हनून. बाई, तुमी माज्यासाठी भांडायलात का सोतासाठी?"

मी पायरीवर उभा होतो. बाई यावर काय बोलतात याची मी वाट बघत होतो, कारण त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मोबाईल काढला आणि शेवंताबाईंच्या समोर ते फोटो पुसून टाकले. मग म्हणाल्या, "परभणीला दवाखान्यात याल का माझ्याबरोबर? तुमची मर्जी असेल तर."

शेवंताबाई म्हणाल्या, "येते. पन तिथं मी बोलीन."

मला परभणीला शिक्षण खात्याच्या ऑफिसात काम होतं. नव्हतं खरं तर, पण मी तसं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. बसमध्ये शेवंताबाईंच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. एक बाई तर उठून उभी राहिली. मठपती बाई मुद्दाम त्यांच्याकडे सरकून, खांद्याला खांदा लावून बसल्या आणि सबंध प्रवास त्या उभ्या बाईकडे बघत राहिल्या. ती शेवटी पुढे निघून गेली.

दवाखान्यात आमचा नंबर दीड वाजता लागला. डॉक्टरांनी मान वर केली, खाली घातली. शेवंताबाई बोलायला लागल्या तोवर चिठ्ठी लिहून झाली होती. एक मलम आणि एक सनस्क्रीन. "उन्हात जायचं नाही."

"साहेब, वेचनीला जावं लागतं," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग छत्री घ्या."

मठपती बाईंनी तोवर स्वतःला कसंबसं आवरलं होतं. आता आवरलं नाही. "कापूस दोन्ही हातांनी वेचतात डॉक्टर. छत्री धरायला तुम्ही येणार का?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. रांगेतली माणसं आमच्याकडे अशी बघत होती, की भांडण आम्हीच उकरून काढलं. मला वाटतं डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर शंभर माणसं होती. पण एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता: बाई, अंगाला काय काय लावता? तो त्यांनी विचारला नाही. बाईंनी आधी विचारला होता, पण चुकीच्या शब्दांत. "कुठलं औषध लावता का?" असं त्यांनी विचारलं होतं आणि शेवंताबाईंनी खरं तेच सांगितलं होतं, "काय बी न्हाई."

बाईंचा संशय गाजर गवतावर होता. त्याची धूळ अंगावर बसून उन्हात असा त्रास होणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांनी शेवंताबाईंच्या घरामागचं सगळं गवत दोन रविवारी हातमोजे घालून स्वतः उपटलं. सनस्क्रीनची ट्यूब दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधून विकत घेतली आणि कसं लावायचं ते दाखवायला पहिल्यांदा आपल्या बोटांनी शेवंताबाईंच्या गालांना लावली. ती लावून शेवंताबाई वेचणीला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजून बंद झाले.

निरोप आला तेव्हा बाई वर्गात होत्या. खडू टाकून निघाल्या. मी मोटरसायकल काढली. शेवंताबाई घरात अंधाराला तोंड करून बसल्या होत्या. बाई उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे मी केलं. मी लावलं ते." त्या स्वतःवर चिडल्या होत्या.

"तुमी काय जानून केलं का," शेवंताबाई म्हणाल्या आणि पाणी द्यायला उठायला लागल्या. उठताना गुडघा धरला. मनगटाला एक फडकं बांधलेलं होतं ते बाईंच्या तोंडासमोर आलं. बाईंनी वास घेतला.

"हा वास कसला?"

"गुडघ्याचं मलम. जावयानं आनलंय, वेचनी सुरू व्हायच्या आदी. गुडघं, मनगट लय दुखत्यात. रोज सकाळी चोळते अन् जाते."

"तुम्ही म्हणालात औषध लावत नाही."

"ते औषध कुटं हाय? निस्तं चोळायचं."

बाईंनी ट्यूब मागितली. दारात उजेडाला जाऊन भिंग लावलं. मग तिथलीच सनस्क्रीनची ट्यूब घेतली, तिच्यावरही भिंग लावलं. दोन्हींवरची यादी पुन्हा पुन्हा वाचली. नंतर परभणीच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन लावला आणि दोन नावं वाचून दाखवली. दुखण्याच्या मलमात केटोप्रोफेन. सनस्क्रीनमध्ये ऑक्टोक्रायलीन.

परत येताना गाडीवर मागे बसून, वाऱ्यात ओरडून, त्यांनी मला सगळं सांगितलं. मलम गुडघ्याला लावलं तरी चोळलेले हात न धुता चेहऱ्याला, मानेला लागायचे. गुडघे लुगड्याखाली, अंधारात, म्हणून तिथे काही नाही. हात, मान आणि चेहरा उन्हात, म्हणून तिथे आग. अंगानं त्या मलमाला एकदा शत्रू ठरवलं. आणि सनस्क्रीनमधला तो पदार्थ त्याच्याशी मिळताजुळता. हे मलम ज्यांना बाधतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तोही बाधतो, अंगाला दोघांतला फरक कळत नाही. "उन्हापासून वाचवायला दिलं तेच उन्हात पेटलं," त्या ओरडल्या. "आणि ते फडकं! मलम बंद केलं तरी ते कापडात राहतं, कातडीत कितीतरी दिवस राहतं. हे ट्यूबवर मराठीत लिहायला काय जातं त्यांचं? उन्हात राबून बायांचं अंग दुखतं, त्याचं मलम उन्हात जाणाऱ्या त्याच बायांना विकायचं, आणि उन्हात जाऊ नका हे इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात!"

फडकं जाळलं. दोन्ही ट्यूब बंद. पण बाईंना दवाखान्याचा लेखी कागद हवा होता. त्या शेवंताबाईंना घेऊन संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या, चार-पाच दिवस एका नातेवाइकाकडे राहिल्या. या वेळी शेवंताबाईच बोलल्या, बाई दाराशी बसून होत्या. तिथे संशय असलेले पदार्थ लावलेल्या सारख्याच पट्ट्यांच्या दोन रांगा पाठीवर लावतात. एका रांगेवर मोजून उजेड देतात, दुसरी झाकून ठेवतात. मग दोन-तीन दिवस बघतात. झाकलेली रांग तशीच राहिली. उजेडातल्या रांगेत मलमाचा आणि सनस्क्रीनचा असे दोन ठिपके लाल होऊन फुगले. शेवंताबाई परत आल्यावर आमच्या घरी येऊन माझ्या बायकोला सांगत होत्या, "माज्या पाठीवर दोन दिवे लागले बगा. बाकी समदा अंधार." दीड महिन्यात त्यांची कातडी निवळली. चेहऱ्यावर काळसर डाग तेवढे राहिले.

रिपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं होतं, हा आजार संसर्गजन्य नाही. शेवंताबाईंना विचारून बाई तो समितीपुढे घेऊन गेल्या. अध्यक्षांनी वाचला, म्हणाले, "बरं झालं, बरी झाली बिचारी." आणि रिपोर्ट फायलीला लावायला सांगितलं. तोवर खिचडी अध्यक्षांची भावजय शिजवत होती.

मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जिंतूरहून डबा आणणं बंद केलं. मधली सुट्टी झाली की शेवंताबाई भाकरी, पिठलं, कधी अंबाडीची भाजी घेऊन शाळेच्या फाटकाशी यायच्या. बाई ते घेऊन वऱ्हांड्याच्या मधोमध, सगळ्या पोरांना दिसेल अशा जागी बसायच्या आणि सावकाश जेवायच्या. रोज. हेडसरांनी लेखी खुलासा मागितला, की शाळेच्या आवारात बाहेरचे अन्न आणून वातावरण का बिघडवता. बाईंनी उत्तर लिहिलं: 'शिक्षिकेने मधल्या सुट्टीत कोणाच्या हातची भाकरी खावी याबद्दलचा नियम दाखवावा. तो मिळेपर्यंत मी जेवत आहे.' नियम काही मिळाला नाही.

महिनाभर पोरं लांबून बघत होती. मग त्या लिंबाच्या रसाच्या मुलीनं एक दिवस येऊन विचारलं, "बाई, मावशीचं पिठलं?" बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उभ्या उभ्या खाल्ला. आठवड्याभरात बाईंना स्वतःला जेवायला उरेना आणि शेवंताबाई मोठा डबा आणायला लागल्या. शिक्षकांपैकी कुणी गेलं नाही. मीही नाही. माझा डबा मी स्टाफरूममध्ये खात होतो आणि तो मला जात नव्हता.

पुढच्या जूनमध्ये अध्यक्षांच्या भावजयीनं काम सोडलं. समितीनं शेवंताबाईंना बोलावणं पाठवलं. बाईंचा चेहरा त्या दिवशी वेगळाच होता. पण शेवंताबाईंनी निरोप पाठवला, मी येत न्हाई. दोन-तीन घरच्या भाकरीचं काम त्यांनी धरलं होतं.

बाई त्यांच्या घरी गेल्या. मी त्यांना सोडायला गेलो होतो.

"अहो, एवढं भांडून मिळवलं आणि तुम्ही नको म्हणता? मग त्यांचंच खरं झालं ना!"

शेवंताबाई पीठ मळत होत्या. "तुमी भांडलात ते लय चांगलं केलं. ते मी मरूस्तर इसरनार न्हाई. पन ज्यानी ताटं मागं घेतली त्यांच्याम्होरं पुना पळी घेऊन हुबं ऱ्हायाचं का न्हाई, ते माजं हाय. तुमचं न्हाई."

बाई भडकल्या. "ताटं पोरांनी मागे घेतली, आई-बापांनी सांगितलं म्हणून!"

"व्हय. अन् पोरावर माजा राग न्हाई. पन मी येनार न्हाई."

परतताना एसटी स्टँडवर गाडीवरून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." आणि लगेच, चिडून, "पण मला पटत नाही!"

त्या वर्षाअखेर त्यांची बदली झाली. निरोप समारंभ ठेवला होता. त्या आल्या नाहीत. कुणी म्हणालं, गर्विष्ठ बाई. मला म्हणावंसं वाटलं, की तुमच्या हातचे हार तिनं का घ्यावेत? म्हटलं मात्र नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, मी सेलूहून येताना देवगाव फाट्यावर उतरलो होतो. जिंतूरची गाडी यायची होती. रसवंतीच्या कापडी छपराखाली मठपती बाई उभ्या दिसल्या. केस पांढरे झालेले. निवृत्त झाले, म्हणाल्या. बहिणीकडे निघालेय. माझ्या बायकोची, मुलांची चौकशी केली. शेवंताबाईंची खुशाली मी सांगितली: बऱ्या आहेत, नातीला दहावीत चांगले गुण पडले. त्यांना ते आधीच माहीत होतं. शेवंताबाईंचा दर रविवारी फोन असतो, म्हणाल्या.

समोरून ट्रक जात होते. मी रसाचा पेला हातात धरून होतो. मला एकाएकी वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही.

"बाई, त्या कागदावर माझी सही होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वरून तिसरी."

मी म्हणालो, "तुम्ही तर तो वाचला नव्हता."

"नंतर ऑफिसात मागून घेतला आणि वाचला. सगळी नावं वाचली."

"मग इतकी वर्षं तुम्ही मला एका शब्दानं..."

"मी कशाला बोलू? तोंड तुम्हाला होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत माया होती असं लिहिलं तर खोटं होईल. "आणि मला सांगून काय उपयोग कदम सर? माझी भाकरी कुठे गेली होती? शेवंताबाईंना सांगितलंत का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

तेवढ्यात त्यांची गाडी आली. मी त्यांची पिशवी उचलायला पुढे झालो, पण ती त्यांनी स्वतःच घेतली आणि चढल्या. गाडी भरलेली होती. एका सीटवर एक तरुण पाय पसरून आणि शेजारी बॅग ठेवून बसला होता आणि एक म्हातारी दांडीला धरून उभी होती. काच बंद होती, मला ऐकू काही आलं नाही. बाईंचा हात वर गेला, त्या तरुणानं दचकून वर बघितलं, बॅग मांडीवर घेतली. म्हातारी बसली. गाडी हलली तेव्हा बाई उभ्याच होत्या, एका हातानं दांडी धरून, आणि त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.